थर्मासमध्ये ताक नव्हतं

मिलिंद,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कामांची यादी मीच केली. मंडप, सतरंज्या, भन्तेजींना आणायला गाडी, पाण्याचे जार, फोटोला हार, आत्याला फोन. तू असतास तर म्हणाला असतास, "ताई, तू आपल्या मरणाची बी यादी करशीन, अन् शेवटच्या ओळीवर टिक मारूनच डोळे मिटशीन." सगळ्या ओळींवर टिक झाली. एक राहिली. तिच्यावर फक्त 'मिलिंद' एवढंच लिहिलेलं होतं. रेखाने ते पाहिलं आणि मला जवळ घेतलं. तिला वाटलं, नणंद दुःखात भावाचं नाव लिहून गेली. तसं नव्हतं. ते राहिलेलं काम होतं. तुला एक गोष्ट सांगायची होती आणि तू होतास तोवर मी ती सांगितली नाही.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मी अमरावतीहून तुझ्याकडे आले तेव्हा माझ्या पिशवीत निळा थर्मास होता. त्यात ताक नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंही सांगते, कारण आपण दोघं एकाच गोष्टीवर महिनाभर भांडलो आणि प्रत्येकाच्या डोक्यात ती वेगळी होती.

माझं काम काय, हे आजारी पडेपर्यंत तू कधी नीट विचारलं नव्हतंस. "आमची ताई अमरावतीले उंदराईले सुया टोचते," अशी तू गिऱ्हाइकांना माझी ओळख करून द्यायचास. फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी टेक्निशियन आहे, हे सांगायला तुला लांब वाटायचं. फ्रिजची चावी माझ्याकडे, नोंदवही माझ्याकडे, पांढऱ्या उंदरांची वजनं माझ्याकडे. तू अकोल्याला शिवणी भागात मोटारी भरायचास. जळालेली मोटार उघडायची, जुनी तांब्याची तार काढायची, वेढे मोजत नवी गुंडाळायची. हिवाळ्यात एक दिवस तार गुंडाळतानाच तुझा उजवा हात थांबला. रेखा सांगते, तू हाताकडे असा पाहत बसलास, जसं काही तो दुसऱ्या कोणाचा हात चुकून तुझ्या टेबलावर राहिला आहे. नागपूरला मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणांचा शेक झाला, गोळ्या झाल्या. एप्रिलच्या तपासणीत गाठ पुन्हा दिसली. डॉक्टर म्हणाले, औषधं आहेत, पण मेंदूत पुरेशी पोचत नाहीत.

हॉस्पिटलबाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या तू मला विचारलंस, "काहून पोचत नाई?"

मी सांगितलं, की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात. बाकी शरीरात औषध रक्तातून बाहेर झिरपतं, तिथे झिरपत नाही. मेंदूच्या रक्षणासाठीच ती व्यवस्था आहे.

"म्हंजे तारेवरचं वार्निश," तू म्हणालास. "दिसत नाई, पण त्याच्याबिगर मोटर जळते. खरडलं का गेली कामातून."

"बरोबर."

"मंग तुमी तिथं काय करता? खरडता?"

"नाई. फसवतो."

मग मी तुला आमचे कण समजावले. जे टाके आपोआप विरघळतात, तुझ्याही डोक्यात आतल्या बाजूने घातले होते तसले, त्यांच्याच जातीच्या पदार्थाचे कण. इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत शेकडो ओळीने बसतील. आत औषध, वरून एक लेप. लेपामुळे भिंतीला ते ओळखीचे वाटतात आणि ती त्यांना आत घेते. मग कण हळूहळू विरघळतो, औषध सुटतं आणि कणाचं मागे काही उरत नाही.

डोक्याचा रुमाल सारखा करत तू म्हणालास, "गुळातली गोळी."

आपलं लहानपणीचं अकोट मला त्याच क्षणी आठवलं. तुलाही तेच आठवलं होतं. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची, तुला हिवताप आला होता. मी दहा वर्षांची, तू पाच. ती कडू गोळी गुळाच्या खड्यात दाबून तुला द्यायची हे माझं काम. तू गूळ चघळायचास आणि गोळी जिभेखाली ठेवायचास. आईला ट्रंकेमागे सहा गोळ्या सापडल्या आणि मार मी खाल्ला. त्या दिवसापासून मी गूळ दिला की समोर उभी राहायची. "तोंड उघड. जीभ वर कर." तू जीभ वर करायचास आणि तिच्याखाली काही नाही हे मी बोट फिरवून बघायची. प्रयोगशाळेत लोक मला शिस्तीची म्हणतात. ती शिस्त तिथून आली आहे.

बाकावर तू हसत होतास. मीही हसले. आणि मग तू म्हणालास, "दे ना मंग."

"काय?"

"तुमची गोळी. तुमच्या फ्रिजात हाय म्हणते ना."

मिलिंद, त्या दिवशी मी तुला जे सांगितलं त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. आमचे कण उंदरांच्या पलीकडे गेलेले नाहीत. ते माणसाच्या रक्तात सोडण्याइतके निर्जंतुक नाहीत. माणसाला किती द्यायचे, कोणालाच माहीत नाही. आणि सर, ज्यांची ही प्रयोगशाळा आहे, ते स्वतः म्हणतात की बहुतेक कण यकृतात अडकतात, मेंदूत जातात ते थोडे. नुसत्या औषधापेक्षा थोडं जास्त पोचलं की आम्ही पेढे वाटतो. हे सगळं मी तुला सांगितलं. तू ऐकून घेतलंस.

"माह्यापाशी गमवाले काय हाय?" तू विचारलंस.

"हे दिवस हायेत."

"हे?" तू डाव्या हाताने उजवा हात उचललास आणि सोडून दिलास. तो मांडीवर पडला. "तवा मले नको होती, तं मारून-मुटकून देत होती. आता मी तोंड उघडून बसलो, तं देत नाई. वा ताई."

त्यानंतर तू माझे फोन घेणं बंद केलंस. रेखा घ्यायची. मागून तुझा आवाज यायचा, मुद्दाम मोठ्याने, "ताईले सांग, तिच्या उंदराईले माहा कडक जय भीम." रेखा हसायची आणि मग फोनवरच रडायची. मी नव्या याद्या करत होते. नागपूरच्या तारखा, मुंबईत एखादी अधिकृत चाचणी चालू आहे का त्याची चौकशी, कागदपत्रांच्या प्रती. तिकडून उत्तर आलं की तुझ्यासारख्या, गाठ उलटलेल्या पेशंटसाठी सध्या जागा नाही. त्या ओळीवर मी टिक मारली नाही, फुली मारली. मी कधी फुली मारत नाही.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी तू स्वतः फोन केलास. शब्द जड झाले होते. "ताई, येक डाव पाह्य ना," एवढंच म्हणालास. टोमणा नाही, काही नाही. भांडत होतास तोवर मला जमत होतं.

रविवारी सकाळी उंदरांना खाणं-पाणी द्यायची पाळी माझी असते. प्रयोगशाळेत मी एकटी होते. फ्रिजमध्ये कणांच्या ताज्या खेपेच्या बारा कुप्या होत्या. चांगले कण पाण्यात असले की ते पाणी पातळ दुधासारखं दिसतं, आणि उजेडासमोर धरलं की कडेला निळसर झाक मारतं. ती झाक बघूनच मी सांगते खेप जमली की फसली. ती खेप सुंदर जमली होती. मी एक कुपी काढली.

आता माझी चूक ऐक. उणे वीस अंशांच्या फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक लगेच वापरायचा नसतो. तो बाहेर ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी वाजलं की मगच कुपीशेजारी ठेवायचा. नाहीतर कुपी गोठते, आणि आमचे कण एकदा गोठले की एकमेकांना चिकटतात, पुन्हा सुटत नाहीत. फ्रिजच्या दारावर माझ्याच अक्षरात कागद आहे: 'पॅकला घाम येऊ द्या.' इतकी वर्षं येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी तो मोठ्याने वाचायला लावला आहे. त्या दिवशी खालून वॉचमनने आवाज दिला, "म्याडम, झालं का? कुलूप लावतो." आणि मी कोरडा, पांढरा, दगडासारखा पॅक उचलला, थर्मासमध्ये टाकला, त्याला टेकून कुपी उभी केली आणि झाकण लावलं.

बसमध्ये थर्मास मांडीवर होता. बडनेऱ्याला शेजारी एक आजी बसल्या. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, "बाई, आइस्क्रीम हाय का त्यात?" खिडकीची सळई हात लावू देत नव्हती. मी मनात पायऱ्या म्हणत होते. डावा दंड, पट्टा, स्पिरिट, शीर. लग्नाआधी दोन वर्षं मी दवाखान्यात रक्त काढायचं काम केलं आहे, तुझी शीर मला सापडली असती. किती द्यायचं, याचा हिशोब मी उंदराच्या वजनावरून केला होता. तिकिटाच्या मागे. त्या हिशोबाला काही अर्थ नाही हे मला तो करतानाही कळत होतं.

तुझ्या घरी रेखा कुरडया तळत होती. तुझी लेक मित्रा क्लासला गेली होती. तू पलंगावर उशीला टेकून बसला होतास आणि तुझी नजर सरळ पिशवीवर गेली.

"त्या थर्मासात काय हाय?"

रेखा पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "ताक."

तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. "तू कवापासून ताक पेतेस?"

"डॉक्टरनं सांगतलं. उन्हाचं."

रेखा आत गेली. मी पिशवी घेऊन न्हाणीत गेले, आतून कडी लावली आणि कुपी काढली. खिडकीच्या जाळीतून ऊन येत होतं. कुपी त्या उन्हात धरली. निळी झाक नव्हती. वर स्वच्छ पाणी, आणि तळाशी पांढऱ्या कण्या, दूध फाटल्यावर दिसतात तशा. मी हलवून पाहिली. कण्या वर आल्या, गिरक्या घेऊन पुन्हा खाली बसल्या. असल्या कण्या शिरेतून गेल्या तर पहिल्यांदा फुप्फुसात अडकतात. एक उंदीर आमच्या हातून तसाच गेला आहे. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

मी कुपी परत ठेवली, तोंड धुतलं आणि बाहेर आले. तू डावी बाही वर केली होतीस.

एका हाताला तेवढं काम अवघड. तू दातांनी ओढली असणार. कफ ओला होता. बाही कोपराच्या वर गेली होती आणि हात पलंगावर उताणा ठेवलेला होता.

"सरांनी नाई देलं," मी म्हटलं.

तू हाताकडे पाहिलंस, मग पिशवीकडे. "तू इचारलं तरी?"

"इचारलं."

आतून कुरडयांचा चर्र आवाज येत होता. तू डोळे मिटलेस, उघडलेस. "मंग काढ ती बाही खाली. मले एका हातानं जमत नाई."

मी बाही खाली घेतली. कफाचं बटण लावलं. मग आपण तिघांनी रस आणि कुरडया खाल्ल्या. तू रेखाला म्हणालास, "ताईले ताक दे वं, तिले आवडते." मी ते ताक प्यायले. दोन पेले.

नंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. मला तेच सहन होत नव्हतं. तुला सगळं कळलं होतं. थर्मासमध्ये काय आहे ते तू पहिल्या नजरेत ओळखलंस. तुला फक्त एवढंच कळलं नाही की मी न्हाणीत काय पाहिलं. तुला वाटलं असेल, ताईने आणलं आणि आयत्या वेळी ती भ्यायली. मी तुला तसंच वाटू दिलं. कारण खरं त्याहून वाईट होतं. मी भ्यायले नव्हते, मिलिंद. मी चुकले होते.

पुढचे तीन महिने तुला मिळाले. ते चांगले होते असं मी म्हणणार नाही. तुझी उष्टी-खरकटी, तुझी ओली अंथरुणं मीही काढली आहेत. पण मित्राचा बारावीचा निकाल तू ऐकलास. एक दिवस खुर्चीत बसवून तुला शिवणीच्या दुकानात नेलं, तेव्हा तू तिला मोटार भरायला लावलीस आणि ती वेढा चुकली की बोटाने टेबल वाजवायचास. पोरगी चिडून म्हणाली, "पप्पा, तुमाले बोलता येत नाई तरी ओरडता कसे?" तू हसलास. अर्धं तोंड हसलं. तो दिवस मी मनात पुन्हा पुन्हा बघते, आणि प्रत्येक वेळी मला तो कोरडा पॅक दिसतो. मी नियमाने वागले म्हणून तो दिवस आला नाही. मी घाई केली म्हणून आला. याचे आभार कोणाचे मानायचे, मला कळत नाही. पण आभार वाटतात, हे खरं आहे.

जुलैत तुझं गिळणं कठीण झालं तेव्हा मी गोळी कुटून मधात द्यायची. पहिल्याच दिवशी चमचा बाहेर काढला आणि तू आपणहून तोंड उघडलंस, जीभ वर केलीस. मी बोट फिरवलं नाही. मला माहीत होतं, खाली काही नाही. मग रोजच तू तसं करायचास. अगदी शेवटच्या आठवड्यातही, डोळे मिटलेले असताना.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तू रोज जीभ वर करून दाखवत होतास आणि मी चमचा धुऊन ठेवत होते.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. जाताना पर्स रिकामी केली, तर तिच्यात त्या रविवारची यादी निघाली. थर्मास. कुपी. सिरिंज दोन. सुया. पट्टा. स्पिरिट. कापूस. मित्रासाठी वह्या. सगळ्यांवर टिक. ती चिठ्ठी समोर असताना 'दिली असती की नाही, कोण जाणे' असं मला स्वतःला म्हणता येत नव्हतं.

कुपी मी मेपासून कपाटात ठेवली होती. फेकवली नाही. अमरावतीचा उन्हाळा तिने कपाटातच काढला. आता तिच्यात कण्या राहिल्या नाहीत. तळाशी औषधाचा हलका थर आहे, बाकी पाणी. मी त्यात लिटमसचा कागद बुडवला. तो लाल झाला. कण विरघळले की आंबट होतात. त्यांनी नेमून दिलेलं काम केलं, फक्त चुकीच्या जागी.

नोंदवहीत त्या कुपीसमोर मी मेमध्येच एक शब्द लिहिला होता: 'फुटली'. कोणी विचारलं नाही. माझ्या अक्षराला कोणी प्रश्न विचारत नाही. आमच्याकडे चुकीची नोंद खोडायचा एक नियम आहे. गिरगटायचं नाही, पांढरं लावायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं चुकीचं वाचता येत राहील, आणि शेजारी खरं लिहून सही करायची. मी सरांच्या समोर बसून 'फुटली'वर रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'मी नेली. भावासाठी. वाटेत गोठली. दिली नाही.' खाली सही केली. कुपी आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली.

सरांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. "गोठली नसती तर?"

मी सांगितलं, "दिली असती."

त्यांनी हात पुढे केला आणि मी फ्रिजची चावी त्यांच्या हातावर ठेवली. प्रकरण आता कॉलेजच्या समितीपुढे जाईल. काय होईल माहीत नाही. मी खालच्या मजल्यावर काचसामान धुते आहे. तुला हे ऐकून मजा वाटेल: त्याचीही मी यादी केली आहे.

तर मिलिंद, त्या ओळीवर आता टिक मारते. सरांनी दिलं नाही हे खोटं होतं. मी विचारलंच नव्हतं. मी ते तुझ्यासाठी चोरून आणलं होतं. तू बाही वर केलीस तेव्हा माझ्या पिशवीत सुई होती, आणि कण्या झाल्या नसत्या तर रेखा कुरडया तळत असताना मी ती तुझ्या हातात घातली असती. त्याने तू वाचला असतास असं मला वाटत नाही. बहुधा मीच तुला त्या दुपारी मारलं असतं. आणि तरी तू मागितलंस आणि मी आणलं, एवढं तुला कळायला हवं होतं.

हे बघ. तोंड उघडलं. जीभ वर केली. खाली आता काही नाही.

तुझी ताई